कोळशाची मोटार आणि यंत्राचा श्वास

मोटारीस पेट्रोल लागतें, हें लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु पेट्रोलापेक्षां कितीतरी अधिक हवा तिला लागते, ही गोष्ट पुष्कळ मोटारमालकांच्याही ध्यानांत नसते. एक लिटर पेट्रोल नीट जळावयाचें, तर वजनानें त्याच्या जवळजवळ पंधरापट, म्हणजे सुमारें अकरा किलो हवा खर्चीं पडते. आकारमानानें ती नऊ हजार लिटर भरते. यंत्राचें अन्न मालक मोजून विकत आणतो; त्याचा श्वास मात्र रस्त्यावर जशी हवा मिळेल तसा चालतो.

या श्वासाची परीक्षा पाहणारा प्रदेश महाराष्ट्रांत कोठें असेल, तर तो पूर्वींचा चांदा जिल्हा होय. आतां त्याचे चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन जिल्हे झाले आहेत. गडचिरोलीची स्थापना २६ ऑगस्ट १९८२ ची. वर्धेच्या कांठानें वरोरा, चांदा, बल्लारपूर या गांवांस आगगाडी लौकरच लाभली. परंतु वैनगंगा ओलांडून पूर्वेस गेल्यावर वडशाचा कोपरा सोडला, तर रुळांची खूण दिसत नसे. आलापल्लीचें सागवान, अहेरीचा बाजार, प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरचें सिरोंचा, या सर्वांचा जगाशीं संबंध बैलगाडीच्या आणि पुढें मोटारीच्या चाकावर अवलंबून होता. पावसाळ्यांत नाले वाट अडवीत, आणि पावसाळा सरला कीं मुरुमाच्या सडकेवर लाल धूळ उठे.

ही धूळ म्हणजे केवळ माती नव्हे. तींत वाळूचे सूक्ष्म कण असतात, आणि वाळूंतील स्फटिक ओतीव लोखंडापेक्षां कठीण असतो. असा कण हवेबरोबर यंत्राच्या नळकांड्यांत शिरला, कीं तेलांत मिसळून तो दट्ट्या आणि भिंत यांमध्यें कानशीसारखा फिरतो. कड्या झिजतात, तेल जळूं लागतें, धूर येतो, आणि चढावर गाडी दम टाकते. तरीही आरंभींच्या मोटारींस हवा गाळण्याचें साधन बहुधा नसे. १९०८ ते १९२७ पर्यंत कारखान्यांतून बाहेर पडलेली फोर्डची प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडीदेखील गाळणीवांचूनच धांवत असे. यंत्र वरचेवर उघडावें लागे, आणि तें सर्वांस स्वाभाविकच वाटे.

स्वच्छ श्वासाचें महत्त्व हिंदुस्थानांतील मोटारवाल्यांस खऱ्या अर्थानें शिकविलें, तें दुसऱ्या महायुद्धानें. १९४१ मध्यें पेट्रोलवर नियंत्रण आलें. मार्च १९४२ मध्यें रंगून पडलें, एप्रिलमध्यें येनानजाउंग येथील तेलविहिरी शत्रूच्या हातीं जाऊं नयेत म्हणून माघार घेणाऱ्या इंग्रजांनीं स्वतःच उद्ध्वस्त केल्या, आणि ब्रह्मदेशाच्या तेलाचा ओघ आटला. जें पेट्रोल उरलें, त्यावर लष्कराचा पहिला हक्क. मग प्रवासी मोटारी चालावयाच्या कशावर? उत्तर मिळालें, तें लांकडी कोळशांत.

कोळशावर मोटार चालविण्याची युक्ति युरोपांत आधींच सिद्ध झाली होती. फ्रान्समधील जॉर्ज इम्बेर यानें १९२० नंतरच्या दशकांत लांकडापासून जळाऊ वायु काढणारें सुटसुटीत यंत्र तयार केलें होतें, आणि युद्धकाळांत जर्मनींत अशीं लाखों वाहनें धांवत होतीं. आपल्याकडे बसगाडीच्या पाठीशीं लोखंडी पिंपासारखी भट्टी बसवीत. तींत कोळसा पेटवून हवा बेताचीच सोडीत. पुरेशी हवा न मिळाल्यानें कोळसा पुरता जळत नसे, आणि त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा जळाऊ वायु निघे. त्याच्या जोडीला निम्म्याहून अधिक निरुपयोगी नायट्रोजन असल्यामुळें यंत्राची शक्ति तिसऱ्या हिश्शानें, कधीं त्याहूनही अधिक, घटत असे. चढ आला कीं उतारूंनीं खालीं उतरून गाडीस हात लावावा, हा प्रकार त्या पिढीच्या चांगल्या परिचयाचा होता.

परंतु शक्तीच्या घटीपेक्षां मोठा प्रश्न स्वच्छतेचा होता. भट्टींतून निघणारा वायु तप्त असे आणि राख व कोळशाची पूड बरोबर घेऊन येई. तो तसाच यंत्रांत सोडणें म्हणजे सडकेवरची धूळ ओंजळीनें आंत ओतण्यासारखेंच. म्हणून प्रथम त्यास भोवऱ्यासारखें फिरवून जड कण खालीं पाडीत, नंतर नळ्यांतून नेऊन थंड करीत, आणि शेवटीं काथ्या किंवा कापड यांच्या थरांतून गाळीत. मगच ताज्या हवेशीं मिसळून तो यंत्रांत जाई. गाळणी तुंबली तर गाडी गुदमरे, फाटली तर यंत्राचा नाश होई. म्हणून राख काढणें, नळ्या झटकणें, काथ्या धुऊन वाळविणें हीं कामें रोजच्या रोज करावीं लागत.

हीं कामें करणारा माणूस म्हणजे मोटारीवरचा ‘क्लीनर’. मराठींत हा शब्द इतका रुळला आहे, कीं त्याचा मूळ अर्थ ‘स्वच्छ करणारा’ असा आहे, हें कोणाच्या मनांतही येत नाहीं. पहांटे उठून पंख्याचा दांडा फिरवीत भट्टी फुलविणें हें त्याचें पहिलें काम. पुढें दिवसभर कोळसा भरणें आणि रात्रीं राख उपसणें. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांत शिरून तो प्राणवायूची जागा बळकावतो. बंद छपराखालीं भट्टी उघडणाऱ्यास प्रथम डोकेदुखी, मग घेरी, आणि वेळीं मृत्युही येऊं शके. मोटारीच्या श्वासासाठीं हा मनुष्य स्वतःचा श्वास पणाला लावीत असे.

कोळशाचें मोल जंगलासही द्यावें लागे. चांद्याच्या रानास लांकडी कोळसा नवा नव्हता. लोहारा येथल्यासारख्या टेकड्यांचें खनिज कोळशाच्या भट्टींत घालून, भात्यानें हवा फुंकून, लोखंड काढण्याचा धंदा या भागांत पूर्वापार चालत आला होता. मातीनें लिंपलेल्या साध्या भट्टींत चार-पांच मण लांकूड जाळावें, तेव्हां मणभर कोळसा हातीं येतो. एका लिटर पेट्रोलाचें काम करावयास सव्वा ते दीड किलो कोळसा लागतो. म्हणजे दर लिटरमागें सुमारें सहा किलो लांकूड खर्च होई. युद्ध संपून पेट्रोल सुलभ होतांच भट्ट्या उतरल्या, हें यंत्रांच्या आणि वनांच्याही दृष्टीनें बरेंच झालें.

युद्धानें जातां जातां आणखी एक धडा मागें ठेविला. लष्कराच्या विलिस जीपगाड्यांस तेलाची हवागाळणी असे. आंत येणारी हवा तेलाच्या पृष्ठभागावर एकदम वळे, जड धूळ तेलांत बुडे, आणि उरलेली तेलानें माखलेल्या तारांच्या जाळींत अडके. ही गाळणी उघडून गढूळ तेल टाकावें, जाळी घासलेटानें धुवावी, आणि खुणेपर्यंतच नवें तेल भरावें, एवढाच तिचा उपचार. खुणेपेक्षां अधिक तेल भरल्यास तें यंत्रांत ओढलें जाई. पुढें १९५० नंतर घडीच्या कागदाच्या गाळण्या हळूहळू रूढ झाल्या. कागद पाण्यानें धुवावयाचा नसतो. हलकेंच झटकावा, किंवा आंतून बाहेर मंद वारा द्यावा, आणि मळला अथवा फाटला तर बदलावा. गाळणीपासून यंत्राकडे जाणाऱ्या रबरी नळीस चीर पडली असेल, तर नवी गाळणीही व्यर्थ होय. कारण हवा नेहमीं सोपी वाट धरते. धुळीच्या मुलखांत गाडी चालविणाऱ्यानें पुस्तकांत सांगितलेल्या मुदतीची वाट न पाहतां गाळणी आधींच तपासावी, हें शहाणपणाचें.

चंद्रपुरांत आज कोळशाच्या उघड्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि मोठें औष्णिक वीजकेंद्र आहे. तिकडे एटापल्ली तालुक्यांत सुरजागडच्या डोंगरांतून लोहखनिज निघत आहे. सडका पूर्वींपेक्षां चांगल्या झाल्या, तरी धूळ गेलेली नाहीं. २००९ मध्यें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें चंद्रपूरची गणना देशांतील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली. त्या सडकेवरून जाणाऱ्या प्रत्येक मालमोटारीच्या नाकाशीं आतां गाळणी आहे, आणि ती तुंबली तर बदलण्याची तजवीजही आहे. सडकेच्या कडेला राहणाऱ्या मनुष्यास मात्र तीच हवा गाळल्यावांचून घ्यावी लागते, आणि त्याचीं फुप्फुसें बदलतां येत नाहींत. यंत्रास स्वच्छ श्वास द्यावयास मनुष्य चाळीस-पन्नास वर्षांत शिकला. तोच न्याय त्यानें स्वतःस लावावा, एवढीच या इतिहासाची मागणी आहे.