दाजीपूरचे रान

कोल्हापूरहून फोंडा घाटाच्या वाटेने निघालेला प्रवासी सुमारे ८० किलोमीटरांवर दाजीपुरास पोहोचतो. भोगावतीच्या खोऱ्यातील उसाचे मळे मागे पडतात, वाट चढू लागते, आणि जांभूळ, अंजनी, हिरडा ह्यांची दाट झाडी सुरू होते. पहाटे धुके विरता विरता सड्यावर चरणारे गवे दिसले, की प्रवासाचे सार्थक झाले असे मंडळींस वाटते. ह्या गव्यास ‘बायसन’ म्हणण्याचा प्रघात इंग्रज शिकाऱ्यांनी पाडला. वस्तुतः बायसन हा निराळाच प्राणी असून तो हिंदुस्थानात नाही.

हे रान मनुष्याच्या हातून अस्पर्श राहिले, अशी समजूत सहज होते. ती खरी नव्हे. सह्याद्रीच्या कितीतरी उतारांवरील झाडी इमारती लाकडासाठी आणि कोळशासाठी तुटली. येथील वाचली, कारण ते करवीरच्या छत्रपतींचे राखीव शिकारीचे रान होते. १८९४ साली राज्यकारभार हाती घेणारे शाहू महाराज मल्लविद्येइतकेच शिकारीचे शौकीन होते. माणसाळविलेले चित्ते हरणांवर सोडण्याचा त्यांचा खेळ प्रसिद्धच आहे. ज्या छंदापायी जनावरे मरत, त्याच छंदापायी त्यांचे रान टिकले! राजाज्ञेबरोबर दुसरा धाकही होता, तो देवीचा. दाजीपूरच्या रानात उगवाईचे स्थान आहे. आणि देवीच्या राईतील काटकीही घरी नेऊ नये, हा सह्याद्रीतील गावोगावचा दंडक. राजाच्या शिपायाची नजर चुकविता येई, देवीची येत नसे.

त्याच राजाने ह्याच खोऱ्यात दुसरेही काम आरंभिले. १८९६ आणि १८९९ च्या दुष्काळांनी रयतेची झालेली दैना त्यांनी पाहिली होती. भोगावतीस बांध घालून पावसाळ्याचे पाणी अडविण्याची योजना त्यांनी हाती घेतली आणि कन्या राधाबाई यांच्या नावाने तेथे राधानगरी वसविली. १९२२ साली महाराज निवर्तले; धरण पुढे पुष्कळ वर्षांनी पुरे झाले. जलाशय भरला म्हणजे त्याचे सात दरवाजे पाण्याच्याच दाबाने आपोआप उघडतात. भर पावसात ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ ही वार्ता येताच पंचगंगेकाठची घरे सामानाची आवराआवर करू लागतात.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९५८ साली दाजीपूर हे गव्यांचे अभयारण्य ठरले. महाराष्ट्र राज्य तेव्हा जन्मावयाचे होते. पण त्याच्या हद्दीतील पहिले अभयारण्य हेच. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर झाले. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याची गणना झाली.

सहलीस आलेल्या कुटुंबास गवा हा कौतुकाचा विषय. रानाच्या कडेच्या शेतकऱ्यास तो रात्रीच्या राखणीचा. सड्यावरचे गवत वाळले की कळप खाली उतरतात, आणि एका रात्रीत वर्षाची मेहनत तुडवून जातात. डिसेंबर २०२१ मध्ये तर गवे कोल्हापूर शहरानजीक, पंचगंगेकाठच्या उसापर्यंत येऊन पोहोचले. तो ऊस राधानगरीच्या पाण्यावर पोसलेला. रान राखले महाराजांनी, पाणी अडविले तेही महाराजांनीच. ह्या दोहोंची गाठ पडते ती मात्र अंधारात, हाती बॅटरी घेऊन बांधावर जागणाऱ्या माणसापुढे.