ई जीवनसत्त्व आणि स्मृतिभ्रंश

ई जीवनसत्त्व हे स्निग्ध पदार्थांत विरघळणारे अँटिऑक्सिडंट आहे. हर्बर्ट इव्हान्स व कॅथरीन बिशप यांनी १९२२ मध्ये त्याचा शोध लावला. शेंगदाणे, बदाम, सूर्यफुलाच्या बिया व गव्हाचे अंकुर हे त्याचे प्रमुख स्रोत होत.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असले, तरी तो सुमारे २० टक्के प्राणवायू वापरतो. या प्रक्रियेत निर्माण होणारे मुक्त मूलक चेतापेशींच्या पटलांतील मेदाम्लांना हानी पोहोचवतात. ही साखळी ई जीवनसत्त्व खंडित करते. म्हणून ते स्मृतिभ्रंश रोखू शकेल, असे गृहीतक मांडले गेले.

चाचण्यांचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मध्यम तीव्रतेच्या अल्झायमर रुग्णांना दररोज २,००० आंतरराष्ट्रीय एकके दिली असता दैनंदिन कार्यक्षमतेचा ऱ्हास मंदावला. स्मरणशक्ती सुधारली नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सौम्य विस्मरण असलेल्या ७६९ व्यक्तींवरील तीन वर्षांच्या चाचणीत लाभ आढळला नाही. २०१७ मध्ये ७,५००हून अधिक वृद्ध पुरुषांच्या अभ्यासातही स्मृतिभ्रंशास प्रतिबंध झाला नाही.

मोठ्या मात्रेमुळे, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत, रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यामुळे गोळ्या वैद्यकीय सल्ल्यानेच घेणे इष्ट ठरते. आहारातील नैसर्गिक प्रमाण सुरक्षित मानले जाते.