भुयारी गाडी आणि गिरगावच्या चाळी

बहारीनमध्ये रेल्वे नाही. सलमानियाहून मुहर्रकच्या विमानतळावर जायला मोटार पुरते. खरी परीक्षा असे ती मुंबईत उतरल्यावर, सहार ते गिरगाव ह्या टॅक्सीच्या प्रवासात. म्हणून मुंबईच्या भुयारी मेट्रोची हकीकत आपल्या मंडळींपुढे थोडक्यात मांडतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेहून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत गाडी सुरू झाली आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स तिला जोडली गेली. मे २०२५ मध्ये ती वरळीला, आचार्य अत्रे चौकात आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडला, जमिनीखालच्या अखेरच्या स्थानकात. एकूण ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकांपैकी २६ भुयारी. (जड बॅगा असतील तर टॅक्सीच बरी, असे आमच्या घरचे मत!)

१८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, तिच्यासाठी खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट होते. मुंबई सेंट्रलच्या भुयारी स्थानकाला आज त्यांचे नाव आहे, तसेच गिरगावातल्या रस्त्यालाही. तो रस्ता अरुंद, दोन्ही अंगांना जुन्या चाळी. गिरगाव आणि काळबादेवी स्थानकांसाठी त्यांतल्या काही पाडाव्या लागल्या. एकदा बाहेर पडलो की विरार-बदलापूरच, ही रहिवाशांची भीती. विरोध झाला, आणि त्याच भागात पुनर्वसन करण्याचे ठरले. बोगदा कसा खणला यापेक्षा ही बिऱ्हाडे कशी परततात, याकडे माझे अधिक लक्ष आहे.