लाँगबोमनची खरी किंमत

तुमच्या घरी कुणी 'एज ऑफ एम्पायर्स २' खेळत असेल, तर ब्रिटन्स निवडणाऱ्याचा बेत तुम्हाला पाठ असेल. किल्ला बांधायचा, लाँगबोमन काढायचे आणि शत्रूला लांबूनच टिपायचं. फक्त घोडेस्वार अंगावर आले की हे धनुर्धर पटापट मरतात, म्हणून पुढे भालाईत ठेवावे लागतात.

इतिहासातही हेच दिसतं. १४१५ मध्ये अ‍ॅजिनकोर्टला इंग्रज धनुर्धरांनी समोर टोकदार खुंट रोवले होते. फ्रेंचांची दमछाक केली ती मात्र चिखलाने. (खेळात चिखलात घोडा अडत नाही, फ्रेंचांना ते आवडलं असतं!) १४२९ मध्ये पाते या गावाजवळ खुंट रोवून व्हायच्या आतच फ्रेंच घोडदळ येऊन थडकलं आणि धनुर्धर कापले गेले.

खेळ चुकतो तो किमतीत. ३५ लाकूड, ४० सोनं दिलं की काही सेकंदांत लाँगबोमन हजर. खरा धनुर्धर घडायला वर्षानुवर्षं लागत. म्हणूनच तिसऱ्या एडवर्डने १३६३ मध्ये सुटीच्या दिवशी धनुष्याचा सराव सक्तीचा केला. पाते इथे मेलेल्यांची जागा नुसत्या पैशाने भरून निघणारी नव्हती.

पोर्ट्समथला गेलात तर 'मेरी रोझ' संग्रहालय बघा. १५४५ मध्ये बुडालेल्या या जहाजातून शंभराहून अधिक धनुष्यं निघाली. त्यांतली बरीच ओढायला १०० पौंडांहून जास्त जोर लागत असावा, असा अंदाज आहे.