करारासोबत काय येतं आणि काय मागे राहतं

गेल्या आठवड्यात आमच्या एजंट लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरत होता. स्टेजवर सुटातली आठ-दहा माणसं, मागे दोन देशांचे झेंडे, मध्ये दोघांच्या हातात निळी फाइल. आपल्याकडच्या इस्टेट एजंटांच्या एका संघटनेनं परदेशातल्या तशाच संघटनेशी सामंजस्य करार केला. खाली नेहमीचे अंगठे आणि पुष्पगुच्छ. एका नवीन पोरानं विचारलं, "पण यातून आपल्याला मिळणार काय?" त्याला कुणी उत्तर दिलं नाही. त्या पोरासाठी ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी १९९८ पासून डोंबिवलीत हा धंदा करतो. सुरुवातीला लोक सरळ 'दलाल' म्हणायचे. मग बोर्डावर 'इस्टेट एजंट' आलं, नंतर 'प्रॉपर्टी कन्सल्टंट', आणि आता शेजारच्या पोराच्या कार्डावर 'रिएल्टर' आहे. त्याला विचारलं, हा शब्द कुठून आणलास? म्हणाला, "काका, इंग्लिशमध्ये एजंटला रिएल्टरच म्हणतात ना!" नाही म्हणत. तो शब्द एका संघटनेच्या मालकीचा आहे, आणि त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्यासारखीच परिस्थिती होती. परवाना नाही, ऑफिस नाही, फुटपाथच्या कडेला उभं राहून प्लॉट विकणारे लोक. त्यांना तिथे नावच 'कर्बस्टोनर' पडलं होतं, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या दगडावरचा दलाल. एकच जागा चौघांना दाखव, मालकाला एक भाव सांग, गिऱ्हाइकाला दुसरा, मधला फरक खिशात. १२ मे १९०८ रोजी शिकागोच्या वायएमसीएमध्ये १२० जण जमले आणि त्यांनी राष्ट्रीय संघटना काढली. तीच आजची 'नॅशनल असोसिएशन ऑफ रिएल्टर्स', थोडक्यात 'नार'. १९१३ मध्ये त्यांनी आचारसंहिता केली. कॅलिफोर्नियानं १९१७ मध्ये एजंटांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. तो कोर्टात टिकला नाही, मग १९१९ मध्ये पुन्हा केला. हे लक्षात ठेवा, कारण आपल्या महाराष्ट्रात एजंटाची नोंदणी सक्तीची झाली ती रेरा आल्यावर, १ मे २०१७ पासून. बरोबर शंभर वर्षांनी.

'रिएल्टर' हा शब्द मिनीआपोलिसच्या चार्ल्स चॅडबर्न नावाच्या गृहस्थांनी काढला. पेपर विकणारा पोरगा ओरडत होता की एका रिअल इस्टेटवाल्यानं गरीब विधवेला लुबाडलं. चॅडबर्ननी चौकशी केली तर लुबाडणारा संघटनेचा सभासदच नव्हता, पण बदनामी सगळ्यांची. तेव्हा सभासदांना वेगळं नाव हवं, असं त्यांच्या डोक्यात आलं. १९१६ मध्ये राष्ट्रीय संघटनेनं ते नाव स्वीकारलं, पुढे १९४९-५० मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. चोर आणि साव वेगळे ओळखू यावेत म्हणून काढलेला शब्द, आणि आपल्याकडे तो कार्ड छापणाऱ्याच्या दुकानात मिळतो. असो.

आता परदेशी करारांकडे येतो. या धंद्यातल्या संघटनांनी देशांच्या सीमा ओलांडून हात मिळवायला सुरुवात केली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५१ मध्ये पॅरिसमध्ये 'फियाब्सी' नावाचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. युरोपातली शहरं तेव्हा नव्यानं बांधली जात होती, त्यामुळे घर हा विषय प्रत्येक देशात पेटलेला होता. फियाब्सीची भारतातही शाखा आहे. याशिवाय 'नार'नं एकेका देशातल्या संघटनेशी थेट दोघांत करार करण्याची पद्धत सुरू केली, आणि आपली 'नार-इंडिया' त्यातूनच त्यांच्याशी जोडली गेली.

अशा करारांत साधारण तीन गोष्टी असतात. एक, दोन्ही बाजूंनी आचारसंहिता पाळायची. दोन, प्रशिक्षण. तीन, रेफरल, म्हणजे तुमचं गिऱ्हाईक आमच्या देशात येणार असेल तर आमच्याकडे पाठवा, दलालीत वाटा देऊ. खरं सांगायचं तर बहुतेकांचा डोळा तिसऱ्यावर असतो. न्यू जर्सीतला आपला मराठी माणूस पुण्यात फ्लॅट घेतो, त्यात मला काही मिळेल का? प्रश्न चुकीचा नाही. पोट सगळ्यांना आहे.

आणि या संघटनांच्या एकत्र येण्यातून खरोखर काही उपयोगाचं घडू शकतं, याचं एक उदाहरण देतो. २०१३ मध्ये वॉशिंग्टनला जागतिक बँकेत बऱ्याच देशांतल्या व्यावसायिक संघटना जमल्या. विषय अगदी साधा, चौरस फूट मोजायचा कसा? कुठे भिंत धरतात, कुठे नाही. कुठे जिना, लिफ्ट, अगदी पोहण्याचा तलावसुद्धा फ्लॅटच्या मापात घालतात. जेएलएल या कंपनीच्या अभ्यासात असं निघालं होतं की मोजण्याची पद्धत बदलली तर त्याच इमारतीचं क्षेत्रफळ २४ टक्क्यांपर्यंत बदलतं. मग सगळ्यांनी मिळून एक समान मोजमाप ठरवलं, आणि २०१४ मध्ये ऑफिस इमारतींसाठीचं मानक आधी आलं. ज्यानं आयुष्यात एकदा 'सुपर बिल्टअप' हा शब्द ऐकून घर घेतलंय, त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. आपल्याकडे हा प्रश्न संघटनांनी नाही, कायद्यानं सोडवला. रेरानं कार्पेट एरियाची व्याख्याच करून टाकली. पण निदान जगभर तोच त्रास होता, एवढं तरी कळलं.

इथपर्यंत सगळं छान आहे. स्टेजवरच्या भाषणांतही इथपर्यंतच सांगतात. मला सांगायचंय ते पुढचं.

१९१३ ची जी आचारसंहिता, जिच्या प्रती आता देशोदेशी फ्रेम करून भिंतीवर लावतात, तिच्यात १९२४ मध्ये एक कलम घातलं गेलं. कलम ३४. त्याचा अर्थ असा की ज्या वंशाच्या किंवा राष्ट्रीयतेच्या लोकांमुळे एखाद्या वस्तीतल्या किमती पडतील, त्यांना तिथे आणायला सभासदानं कारणीभूत होऊ नये. नीट वाचा. हे आचारसंहितेत होतं! गिऱ्हाइकाला फसवू नका हीही नीती, आणि काळ्या माणसाला गोऱ्यांच्या गल्लीत घर दाखवू नका हीही नीतीच. जो एजंट दाखवेल तो नियम मोडणारा.

आणि हे नुसतं कागदावर नव्हतं. १९२७ मध्ये संघटनेच्याच वकिलानं, नेथन मॅकचेस्नी यांनी, शिकागोसाठी एक तयार मसुदा करून दिला. गल्लीतल्या मालकांनी आपसात करार करायचा की आपलं घर काळ्या माणसाला विकायचं नाही, भाड्यानंही द्यायचं नाही. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा तयार फॉर्म मिळतो ना, तसा. अशा करारांनी शहरांचे अख्खे भाग बंद झाले. १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असे करार कोर्ट अमलात आणणार नाही. त्यानंतर १९५० मध्ये संहितेतून वंशाचा उल्लेख गेला, शब्द गुळगुळीत झाले, भाव तोच राहिला. आता तारखा शेजारी ठेवून बघा. १९५० मध्ये शब्द पुसले, १९५१ मध्ये पॅरिसला जागतिक महासंघ.

त्याच्या आधी, १९४७ मध्ये, जे काळे ब्रोकर होते त्यांनी फ्लोरिडातल्या टँपा गावी स्वतःची वेगळी संघटना काढली होती. गोऱ्यांच्या संघटनेची दारं बंद, म्हणून. त्यांना 'रिएल्टर' म्हणवून घेता येत नव्हतं, मग त्यांनी स्वतःचा शब्द काढला, 'रिएल्टिस्ट'. त्यांचं ब्रीद होतं घरांच्या बाबतीत लोकशाही. आपल्या एजंटांपैकी किती जणांना हे नाव माहीत आहे? मलाही पन्नाशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं.

पुढचं पटापट सांगतो. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियानं घर देताना भेदभाव करायला बंदी घातली, तर तिथल्या रिएल्टरांच्या संघटनेनंच पुढाकार घेऊन १९६४ मध्ये त्याविरुद्ध जनमत घेतलं आणि जवळपास दोनास एक मतांनी जिंकलं. तो निकाल शेवटी न्यायालयांनी रद्द केला. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली आणि ११ एप्रिलला राष्ट्रीय कायद्यावर सही झाली. तोवर राष्ट्रीय संघटना त्या कायद्याच्या विरोधातच होती. १९७४ मध्ये मात्र संहितेत उलट कलम आलं, की सेवा देताना भेदभाव करायचा नाही. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये 'नार'चे अध्यक्ष चार्ली ऑपलर यांनी जाहीर माफी मागितली. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या संघटनेनंही मागितली.

माफी मागायला ९६ वर्षं लागली हे खरं. पण मागितली. आपल्याकडे कुठल्या व्यावसायिक संघटनेनं आपल्या जुन्या नियमाबद्दल माफी मागितल्याचं तुम्हाला आठवतंय का?

मी हे त्यांना शिव्या घालायला सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच की करारासोबत संहिता येते, लोगो येतो, सर्टिफिकेट येतं. त्या संहितेचा इतिहास मात्र विमानात चढत नाही. आणि आपल्याला खरी गरज त्याचीच आहे, कारण आपलं कलम ३४ कुठे छापलेलं नाही. ते फोनवर असतं. "फॅमिली कुठली आहे?" "आडनाव काय?" "व्हेज ना?" "बॅचलर नको, आणि ते लोक नकोत."

कायदा काय म्हणतो? नव्या प्रकल्पात रेराची नोंदणी करताना बिल्डरला घोषणापत्र द्यावं लागतं, त्यात वाटपात भेदभाव करणार नाही असं वाक्य आहे. पण भाड्याचा आणि रीसेलचा धंदा, ज्यावर आम्हा छोट्या एजंटांची चूल पेटते, तो त्यात येत नाही. शिवाय २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात, सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा सोसायटीचा उपविधी वैध ठरवला. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना जागा नाकारल्याचा व्हिडिओ आला तेव्हा आपण सगळे पेटून उठलो. मीही पोस्ट टाकली होती. त्या पोस्टखाली तावातावानं लिहिणाऱ्यांपैकी तीन जण माझे फ्लॅटमालक आहेत. त्यांच्या अटी मला पाठ आहेत.

आणि मी? २००६ ची गोष्ट. परभणीकडचा एक तरुण शिक्षक, नवीन लग्न झालेलं, स्टेशनजवळ वन आरके बघून गेला. पसंत होता, डिपॉझिट तयार होतं. मालकिणीला फोनवर आडनाव सांगितलं. पलीकडून एवढंच आलं, "नको हो, सोसायटीत कटकट होईल." मी त्याला सांगितलं, फ्लॅट गेला. किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये होती. आठवड्यानं तो दुकानावरून जाताना थांबला. काचेवर माझाच कागद तसाच चिकटलेला होता, 'वन आरके भाड्याने देणे, स्टेशनपासून पाच मिनिटं'. त्यानं तो वाचला, आत आला आणि शांतपणे विचारलं, "सर, फ्लॅट परत आला का?"

मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. काहीतरी खोटंच दिलं असणार. महिन्याभराची दलाली दुसऱ्या भाडेकरूकडून मिळाली. मला कुणी सभासदत्वावरून काढलं नाही, कुणी विचारलंसुद्धा नाही, कारण धंद्याच्या हिशेबानं मी काही चुकीचं केलंच नव्हतं. मालकाचं ऐकणं हेच एजंटाचं काम, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. १९२४ च्या शिकागोतला एजंटही हेच सांगत असणार.

आता एजंटांना महारेराची परीक्षा द्यावी लागते. मी दिली, पास झालो, पोरांच्या बरोबरीनं बसून. तयारी करताना कार्पेट एरिया, नोंदणी, दंड सगळं वाचलं. पण मालक म्हणाला 'अमुक नकोत' तर एजंटानं काय करायचं, हा प्रश्न निदान मला तरी आला नाही.

तर त्या नवीन पोराला उत्तर. करारातून तुला रेफरल मिळतील, कदाचित दोन-चार. ट्रेनिंग मिळेल, ते घे, चांगलं असतं. मात्र परदेशी संघटनेचा माणूस समोर आला तर त्याला १९२४ चं कलम विचार, १९७४ चं विचार, आणि मधली पन्नास वर्षं तुमच्यात कोण कोण गप्प होतं तेही विचार. त्यांच्याकडची सगळ्यात महागाची शिकवण ती आहे आणि ती फुकट मिळते. बाकी ते सगळ्यात शहाणे आहेत असं समजू नकोस. दलालीच्या नियमांवरून २०२३ मध्ये मिसूरीच्या ज्यूरीनं त्यांच्याविरुद्ध निकाल दिला आणि २०२४ मध्ये त्यांना ४१.८ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली.

आमच्या स्थानिक संघटनेचे काही लोक लवकरच बाहेरच्या एका परिषदेला जाणार आहेत. सूचना मागवल्या होत्या. मी एक पानभर लिहून दिलं. आपल्या संहितेत एकच वाक्य घाला, की धर्म, जात, भाषा, आहार यावरून गिऱ्हाइकाला जागा दाखवायचं नाकारणार नाही, आणि मालकाची तशी अट असेल तर ती लिस्टिंग घेणार नाही. हे वाक्य घेऊन परिषदेला जा, मग फोटो काढा.

सेक्रेटरी चांगला माणूस आहे, माझा मित्र आहे. त्यानं कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, पहिलं वाक्य चालेल. दुसऱ्यावर मालक लोक पळून जातील. मीटिंगमध्ये बघू."

मीटिंग पंधरा तारखेला आहे.