त्रिरश्मीच्या शिलालेखांतील विचारसंगती

नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे आठ किलोमीटर अंतरावर असलेली लेणी लोकांत 'पांडवलेणी' या नावाने प्रसिद्ध आहेत. तेथील प्राचीन लेखांत या डोंगरास 'तिरण्हु' अथवा 'त्रिरश्मी' असे म्हटले आहे. येथील लेखांचे वाचन गेल्या शतकाच्याही आधीपासून होत आले. रा. गो. भांडारकर यांनी 1874 साली लंडन येथील प्राच्यविद्या परिषदेकरिता या लेखांवर निबंध लिहिला. भगवानलाल इंद्रजी यांचे वाचन 1883 च्या नाशिक गॅझेटियरमध्ये प्रसिद्ध झाले, आणि सेनार यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात (1905-06) त्यांची सुधारित आवृत्ती दिली. या परिश्रमांमुळेच सातवाहन व क्षहरात या राजकुलांच्या इतिहासाची मांडणी शक्य झाली. मात्र या लेखांतून राजांची नावे, वर्षांचे आकडे, गावे व नाणी एवढेच वेचून घ्यावयाचे आणि लेखाची स्वतःची मांडणी बाजूस ठेवावयाची, अशी एक सवय अभ्यासात रुळली. कोणते विधान कोणत्या विधानास कशाने जोडले आहे, हाही पुराव्याचाच भाग होय. या दृष्टीने इ. स. च्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील तीन निरनिराळ्या प्रकारच्या लेखांचा येथे विचार केला आहे.

या लेखांत आजच्या अर्थाने परिच्छेद नाहीत व विरामचिन्हेही नाहीत. आरंभी 'सिद्धम्' हा मंगलशब्द येतो आणि पुढे अक्षरांच्या ओळी सलग चालतात. अशा लेखनात विचार कोठे संपला व पुढचा कोठे सुरू झाला, हे सांगण्याचे काम शब्दांनाच करावे लागते. विभक्ती, दर्शक सर्वनामे, 'च'सारखी अव्यये आणि विधानांचा क्रम, एवढीच साधने लेखकाच्या हाती होती. ती त्याने कशी वापरली, हे पाहण्यास दहाव्या लेण्यातील उषवदाताचे लेख सर्वांत सोयीचे आहेत.

दीनीकाचा पुत्र उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याच्या मोठ्या लेखाचे तीन भाग सहज वेगळे काढता येतात. पहिल्या भागात त्याच्या दानांची गणना आहे: तीन लक्ष गाई, बार्णासा नदीवरील सुवर्णदान व तीर्थ, देवब्राह्मणांस दिलेली सोळा गावे, भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथील विश्रामस्थाने, तापी, दमण, डहाणूका इत्यादी नद्यांवरील विनामूल्य नावा. ही सारी दाने दात्याची विशेषणे म्हणून तृतीया विभक्तीत एकापुढे एक मांडली असून, गोवर्धनातील त्रिरश्मी पर्वतावर हे लेणे व या पाण्याच्या पोढी करविल्या, या विधानाशी ती संपतात. विशेषणांचा क्रम बदलला तरी अर्थ फारसा बिघडत नाही, कारण त्यांतील एक दुसऱ्याचे कारण नाही. गणनेचे बळ संख्येत असते, संबंधात नसते.

दुसऱ्या भागात मात्र लेखाची चाल पालटते. भट्टारकाच्या आज्ञेने पावसाळ्यात, मालयांनी वेढलेल्या उत्तमभद्रांच्या प्रमुखास सोडविण्यास उषवदात गेला, नुसत्या गर्जनेने मालय पळाले, 'ततो' म्हणजे तेथून तो पुष्करास गेला, तेथे त्याने अभिषेक केला व तीन हजार गाई आणि एक गाव दान दिले, असा हा मजकूर आहे. येथे दाता प्रथमपुरुषात बोलू लागतो. घटनांना काल आहे, म्हणून क्रम पक्का आहे, आणि 'ततो' या एका शब्दावर दोन प्रसंग टेकले आहेत. तिसऱ्या भागात वाराहीपुत्र अश्विभूती या ब्राह्मणाकडून 4000 कार्षापणांस विकत घेतलेल्या शेताचा उल्लेख येतो, आणि 'एतो', म्हणजे या शेतातून, लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंस अन्न मिळेल असे सांगितले आहे. गणना, कालक्रम व कार्यकारण हे मांडणीचे तीन प्रकार अशा रीतीने एकाच भिंतीवर एकापाठोपाठ आढळतात.

त्याच लेण्यातील 42 व्या वर्षाचा लेख या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. वैशाख महिन्यात उषवदाताने हे लेणे चतुर्दिश संघास अर्पण केले व 3000 कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव दिली. लेख प्रथम एकूण रक्कम सांगतो व तिची दोन प्रयोजने सांगतो: चीवर आणि 'कुशणमूल'. नंतर ठेव कोठे आहे ते येते. गोवर्धनातील एका कोलिकनिकायात, म्हणजे विणकरांच्या श्रेणीत, 2000 कार्षापण शेकडा एक पडिक या दराने, आणि दुसऱ्या कोलिकनिकायात 1000 कार्षापण 'पायून' पडिक या दराने. हा 'पायून' म्हणजेच आजच्या मराठीतील पाऊण. त्यापुढे अट येते: मुद्दल परत द्यावयाचे नाही, फक्त वृद्धीचा उपभोग घ्यावयाचा. यानंतर लेख पुन्हा पहिल्या रकमेकडे वळतो. दोन हजारांच्या वृद्धीतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण चीवराकरिता, आणि हजाराच्या वृद्धीतून कुशणमूल.

येथे रचनेचा जो गुण दिसतो त्यास साहित्यशास्त्रात यथासंख्य म्हणतात. ज्या क्रमाने वस्तू सांगितल्या त्याच क्रमाने त्यांच्याविषयीची विधाने यावयाची. चीवर व कुशण, दोन हजार व एक हजार, एक पडिक व पाऊण पडिक, ही जोडी शेवटपर्यंत कोठेही उलटत नाही. शिवाय प्रत्येक पायरीवर 'एते च', 'एतो' अशी दर्शक सर्वनामे मागील विधानाकडे बोट दाखवितात. वाचकास आकडा पुन्हा शोधावा लागत नाही.

या संगतीचा ऐतिहासिक उपयोगही आहे. शेकडा एक पडिक हा दर महिन्याचा की वर्षाचा, हे लेखात शब्दाने सांगितलेले नाही. पण दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे वीस. हा दर वार्षिक मानला तर वीस भिक्षूंस प्रत्येकी एकच कार्षापण येतो. तो मासिक मानला तर वर्षाचे 240 होतात व प्रत्येकी बरोबर बारा येतात. दर, संख्या व प्रयोजन यांचा संबंध लेखकाने तुटू दिला नाही, म्हणून न लिहिलेली गोष्टही लेखातून सिद्ध होते. त्याच हिशेबाने दुसऱ्या ठेवीची वार्षिक वृद्धी 90 कार्षापण ठरते. एखाद्या अभ्यासकाने केवळ 'प्राचीन नाशिकमधील व्याजाचे दर' म्हणून दोन आकडे टिपून घेतले, तर हा पुरावा त्याच्या हातून निसटतो.

लेखकाने एवढी काळजी का घेतली, याचे उत्तर लेखाच्या अखेरीस मिळते. हे सर्व निगमसभेत ऐकविले व रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदविले, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे हा मजकूर अनेकांच्या कानांवर पडावयाचा होता, श्रेणींना त्याप्रमाणे वागावयाचे होते, आणि पुढे तंटा झाल्यास तो पुरावा म्हणून वापरला जावयाचा होता. भिक्षूंचे वस्त्र या वाक्यांच्या स्पष्टतेवर अवलंबून होते.

दुसरा प्रकार तिसऱ्या लेण्यातील राजाज्ञांचा. गौतमीपुत्र सातकर्णीने 18 व्या वर्षी बेनाकटक येथील छावणीतून गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित यास आज्ञा पाठविली, की अपर कखडी गावातील, उषवदाताच्या भोगात असलेले 200 निवर्तनांचे शेत तेकिरसी प्रव्रजितांस द्यावे. त्या शेतास कोणते परिहार आहेत ते पुढे सांगितले आहे: त्यात कोणी प्रवेश करू नये, त्यास हात लावू नये, मिठासाठी ते खणू नये, राष्ट्राच्या अधिकाऱ्यांनी तेथे ढवळाढवळ करू नये, आणि सर्व प्रकारचे परिहार त्यास असावेत. चार विशेष गोष्टी सांगून पाचवी सर्वसमावेशक सांगितली आहे. सर्वसमावेशक कलम आधी आले असते तर पुढची चार निरर्थक झाली असती.

सहा वर्षांनी, 24 व्या वर्षी, राजा व राजमाता यांच्या नावे अमात्य श्यामक यास दुसरी आज्ञा गेली. तिचा आशय चार पायऱ्यांत आहे. पूर्वी कखडी गावात या प्रव्रजितांस आम्ही शेत दिले होते. ते शेत कसले जात नाही व ते गावही वसत नाही. 'एवं सति', असे असता, नगरसीमेवर आमच्या मालकीचे जे राजकीय शेत आहे, त्यातून त्यांस शंभर निवर्तने देतो. पूर्वनिर्णय, त्यातील अडचण, संबंधदर्शक शब्द आणि नवा निर्णय, अशी ही बांधणी आहे. पुळुमावीच्या 22 व्या वर्षाच्या आज्ञेतही एका गावाच्या मोबदल्यात दुसरे गाव देताना आधीच्या दानाचा उल्लेख प्रथम करून मग बदल सांगितला आहे. त्यावरून राजदप्तरात ही रीत रूढ होती असे अनुमान करता येते. या आज्ञा आधी तोंडी दिल्या गेल्या व मागाहून लिहिल्या गेल्या. दुरून आलेली आज्ञा अमलात आणणाऱ्या अमात्यास तिचे कारण कळणे आवश्यक होते, नाहीतर जुने दान रद्द झाले की चालू राहिले, हा प्रश्न उरला असता.

मात्र 'एवं सति' या शब्दांनी किती सिद्ध होते याची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. शेत का बदलले ते त्यांनी कळते. दोनशे निवर्तनांच्या जागी शंभरच का दिली, याचे कारण लेखात कोठेही जोडलेले नाही. तसेच 18 व्या वर्षाच्या लेखातील 'अजकालकिय' या शब्दाचा अर्थ काहींनी 'आजपर्यंतचे' असा केला, तर काहींनी ते शेताचे विशेषनाम मानले. पहिला अर्थ घेतल्यास उषवदाताची सत्ता नुकतीच संपली होती असे म्हणता येते. वाक्यातील त्या शब्दाचे स्थान दोन्ही अर्थांस वाव देते, म्हणून निर्णयास बाहेरचा पुरावा पाहिजे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे 1906 साली सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा उठविला होता. सत्तांतराचा पुरावा म्हणून या नाण्यांचे वजन त्या एका शब्दाहून पुष्कळ अधिक आहे.

तिसरा प्रकार गौतमी बलश्रीच्या लेखाचा. पुळुमावीच्या 19 व्या वर्षाचा हा अकरा ओळींचा लेख गौतमीपुत्राच्या इतिहासाचे मुख्य साधन समजला जातो. असिक, अश्मक, मुळक, सुराष्ट्र, अपरांत, विदर्भ इत्यादी प्रदेश, मग विंध्य, सह्य, मलय आदी पर्वत, मग राजाचे रूप, मातृसेवा व प्रजापालन, मग शक-यवन-पह्लवांचा नाश, क्षहरात वंशाचा उच्छेद आणि सातवाहन कुलाच्या यशाची पुनःस्थापना, अशी सामासिक विशेषणांची दीर्घ मालिका तेथे आहे. शक 72, म्हणजे इ. स. 150 च्या सुमाराच्या गिरनार येथील रुद्रदामनाच्या संस्कृत लेखातही अशी दीर्घ समासरचना आढळते. पण बलश्रीच्या लेखाचे वैशिष्ट्य व्याकरणात आहे. ही सर्व विशेषणे षष्ठी विभक्तीत आहेत आणि ती 'माता' या पदाकडे जातात. अशा अशा गौतमीपुत्र सातकर्णीची माता, सत्य, दान, क्षमा व अहिंसा यांत रत असलेली महादेवी गौतमी बलश्री, त्रिरश्मीच्या शिखरावरील हे लेणे भद्रायणीय भिक्षूंस देते, एवढा या वाक्याचा सांगाडा आहे. राजाचा पराक्रम कितीही विस्ताराने आला तरी वाक्याची कर्ती बलश्री आहे. या लेखास केवळ राजाची प्रशस्ती म्हणणे म्हणजे वाक्याचे मुख्य पद सोडून विशेषणे वाचणे होय.

या तिन्ही प्रकारांची तुलना केली असता असे दिसते की, ज्या लेखाप्रमाणे कोणास तरी वागावयाचे होते, त्यात संबंधदर्शक शब्द काळजीने घातले आहेत. ज्या लेखाने गौरव करावयाचा होता, त्यात विशेषणांची रास चालते व संबंधाचा सारा भार विभक्तीवर पडतो. पुढील काळातील मराठी दप्तरातही हीच गोष्ट प्रत्ययास येते. मोडी पत्रांत विरामचिन्हे नव्हती. 'ऐसियास', 'त्यास', 'सबब', 'बितपशील', 'येणेप्रमाणे' हे शब्दच परिच्छेदाचे काम करीत. 'ऐसे असता' हा प्रयोग अर्थाने 'एवं सति'हून वेगळा नाही. एकोणिसाव्या शतकात छापखाना व मेजर कँडी यांच्यासारख्यांचे प्रयत्न यांमुळे विरामचिन्हे रूढ झाली, आणि 1874 साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली त्या सुमारास छापील परिच्छेद वाचकांच्या परिचयाचा होऊ लागला होता. चिन्हांमुळे विराम डोळ्यांस दिसू लागला. दोन विधानांतील संबंध मात्र लेखकालाच शब्दांनी सांगावा लागतो, ही गरज तशीच राहिली.

इतिहासाच्या प्रबंधलेखनात आज जो दोष वारंवार आढळतो तो माहितीच्या तुटवड्याचा नसून उषवदाताच्या पहिल्या भागासारखा आहे. पुरावे एकापुढे एक ठेवले जातात, पण कोणत्या पुराव्यावरून कोणता निष्कर्ष निघतो व तो कोठपर्यंत टिकतो, हे सांगितलेले नसते. त्याच लेण्यातील दुसरा लेख दोन ठेवी, दोन दर व दोन प्रयोजने यांचा मेळ अखेरपर्यंत राखतो, आणि म्हणूनच आजही त्याचा हिशेब तपासून पाहता येतो.