सुरतेची वखार

अलीकडे माणसे आपली कागदपत्रे व छायाचित्रे ‘क्लाउड’वर ठेवू लागली आहेत. नाव ढगाचे असले, तरी तो ठेवा असतो जमिनीवरच, कोणा कंपनीच्या बंदोबस्तातील इमारतीत. परमुलखात कोठार मिळवून त्यावर आपला पसारा उभारणाऱ्या कंपन्यांची गोष्ट मात्र जुनी आहे, आणि तिचे एक मोठे प्रकरण तापीकाठी सुरतेस घडले.

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीस सनद मिळाली ती १६०० सालच्या अखेरच्या दिवशी. १६०८ साली विल्यम हॉकिन्स ‘हेक्टर’ जहाजातून सुरतेस आला. जहांगीर बादशहाच्या दरबारी त्याचा मान झाला. टिकाऊ परवाना काही हाती लागला नाही. पुढे १६१२ साली सुवालीच्या समुद्रात टॉमस बेस्टने पोर्तुगीज आरमारास मागे रेटले, तेव्हा कोठे मोगलांचे मन वळले आणि १६१३ साली वखारीचे फर्मान मिळाले.

इंग्रज तिला ‘फॅक्टरी’ म्हणत. परंतु तेथे कारखाना नव्हता. फॅक्टर म्हणजे कंपनीचा गुमास्ता. त्याने राहावे व माल साठवावा ती फॅक्टरी. आपला ‘वखार’ हा शब्दच अधिक नेमका. तिची गरज निर्माण केली वाऱ्याने. शिडाची जहाजे मोसमी वाऱ्यांच्या तंत्राने येत आणि जात. जहाज नांगरल्यावर खरेदीस निघावे, तर भाव चढलेले असत. उलट बंदर रिकामे असताना सरखेजची नीळ आणि गुजरातचे सुती कापड सवडीने घेऊन ठेवले, तर ते स्वस्त पडे. कंपनीचा नफा जितका जहाजात, तितकाच कोठारात होता!

पण ही जागा परक्याची. इंग्रजांनी घर भाड्याने घ्यावे, विकत घेऊ नये, बांधूही नये, अशी मोगलांची अट होती. वखारीचा तट केव्हा होतो हे त्या दरबारास चांगले ठाऊक असावे.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजीमहाराज सुरतेवर चालून आले. शहराचा अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला. वीरजी व्होरा या धनाढ्य सावकाराचा वाडा लुटला गेला. फादर अँब्रोज या कॅपुचिन धर्मगुरूंच्या मठास मात्र महाराजांनी धक्का लागू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्नियर याने नमूद केले आहे. इंग्रजांचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन याने जहाजांवरील खलाशी आणून वखार लढती ठेवली व खंडणी नाकारली. वखार वाचली, औरंगजेबाने खूश होऊन जकातीतही सूट दिली. सुरतेच्या रहिवाशांनी त्या दिवसांत पाहिले ते एवढेच, की बादशहाचा माणूस लपला आणि भाडेकरू उभा राहिला.

१६७० साली महाराज पुन्हा आले. तोवर इंग्रजांचे लक्ष दुसरीकडे वळले होते. मुंबई बेट १६६८ साली राजाकडून कंपनीस वार्षिक दहा पौंडांवर मिळाले होते, आणि तेथे बांधकामास कोणाची आडकाठी नव्हती. १६८७ साली कंपनीचे मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस गेले. तरी सुरतेची वखार चालूच राहिली. १७५९ साली कंपनीने इनायतखान दडला होता तो किल्लाच ताब्यात घेतला, आणि १८०० साली नवाबाकडून शहराचा सारा कारभारही.